रामेश्वरहून आणलेला नक्षीचा शंख विषारी आहे म्हणतात. घरात लेकरं आहेत, ठेवावा की टाकून द्यावा?

ठेवा. रिकाम्या शंखात विष नसतं.

एक टोक रुंद, दुसरं निमुळतं, अंगावर तपकिरी रेघा आणि पांढरे त्रिकोण, या तुमच्या वर्णनावरून तो कोनस टेक्सटाइल दिसतो. मन्नारच्या आखातात, म्हणजे रामेश्वरच्या बाजूलाच, ही गोगलगाय सापडते. लातूरच्या पाहुण्यांनी ‘याच्या डंखानं माणूस मरतो’ असं सांगितलं, ते जिवंत गोगलगायीबद्दल बरोबर आहे. विष तिच्या मऊ शरीरातल्या लांब नळीत तयार होतं. दात पोकळ सुईसारखा आणि टोकाला आकडा असलेला. तो सोंडेच्या टोकाशी येतो, त्यात विष भरतं आणि तो भक्ष्यात घुसतो. टेक्सटाइल दुसऱ्या गोगलगायी खाते. माणसांचे नोंदलेले बहुतेक मृत्यू मासे खाणाऱ्या कोनस जिओग्राफसमुळे झाले आहेत. शंख मात्र नुसता चुनखडीच्या जातीचा, कॅल्शियम कार्बोनेटचा.

एवढं तपासा: शंखाच्या फटीतून कुजका वास येतो का? येत असेल तर आत मांस राहिलंय आणि त्यात दातही असू शकतात. बोट किंवा काडी घालून उकरू नका. हातमोजे घालून शंख साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. आतलं सुटून आलं की नळाच्या धारेखाली धुवा. वास नसेल तर सौम्य साबण पुरे.

देवघरात ठेवणार असाल तर तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर घासू नका. चिंच, लिंबू किंवा भांडी उजळवणारी आंबट पावडर लागली की शंखाचा वरचा थर विरघळतो, चकाकी जाते आणि ती परत येत नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, ते तसंच वाळलं तर पांढरे डाग राहतात, म्हणून लगेच फडक्यानं पुसा. उन्हात ठेवला तर रंग उडतो. (पूजेचा शंख वेगळ्याच कुळातल्या गोगलगायीचा. तिच्याकडे असला विषारी दात नसतो.)

नक्षीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ती बघण्यासारखी आहे. शंख फक्त ओठाच्या, म्हणजे फटीच्या बाहेरच्या, कडेला वाढतो, मागावर एकेक आडवा धागा बसावा तसा. त्या कडेच्या पेशी रंग सोडतात किंवा थांबवतात आणि शेजारच्या पेशींनाही चालू-बंद करतात. त्यातून त्रिकोण उमटतात. पैठणीच्या नारळी काठावरचे त्रिकोण विणकर मोजून बसवतो, म्हणून ते सारखे. इथे कोणी मोजत नाही, म्हणून एक त्रिकोण मोठा, त्याला लागून तीन बारके. टेक्सटाइल हे नावही या कापडासारख्या नक्षीवरूनच पडलं. जिवंतपणी शंखावर पातळ साल असते.

खरी काळजी पुढच्या सहलीत घ्यायची. किनाऱ्यावर शंकूच्या आकाराचा शंख दिसला तर लेकरांना हात लावू देऊ नका, खिशात तर मुळीच टाकू देऊ नका. रुंद बाजूनं धरलं की धोका नाही, हा समज चुकीचा आहे. सोंड लांब होते आणि मागेही वळते.

डंख झालाच तर जागा बधिर होते, मग नजर धूसर होते, बोलणं अडखळतं आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. सुरुवातीला दुखलं नाही म्हणून थांबू नका. इलॅस्टिक पट्टी बोटांपासून वरपर्यंत मुरगळल्यावर बांधतात तेवढी घट्ट बांधा, हातापायाला फळीचा आधार द्या, माणसाला चालवू नका आणि व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात न्या. आवळून दोरी बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. सर्पदंशाची लस इथे उपयोगाची नाही. या विषावर उतारा अजून नाही. श्वास थांबला तर कृत्रिम श्वास चालू ठेवा. विषाचा अंमल उतरेपर्यंत श्वास टिकवला तर माणूस वाचू शकतो.

याच कुळातल्या कोनस मॅगसच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक तयार झालं. २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ते पाठीच्या कण्यातल्या द्रवात द्यावं लागतं.