घरगुती कापडछपाईसाठी तापमापक

प्रश्न : मी घरीच टी-शर्टवर उष्णतेने पक्क्या होणाऱ्या प्लॅस्टिसॉल शाईने स्क्रीन प्रिंटिंग करते. दोन धुण्यांतच छाप तडकते. परवडणारा इन्फ्रारेड तापमापक कोणता घ्यावा? करोनाकाळातला कपाळावर धरायचा तापमापक घरात आहे, तो चालेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तो चालणार नाही, कारण त्याची मोजणी साधारण ४३ अंश सेल्सिअसपर्यंतच असते आणि बहुतेक प्लॅस्टिसॉल शायांना पक्के होण्यासाठी सुमारे १६० अंश लागतात. आपण औद्योगिक प्रकारचा, निदान ३५० अंशांपर्यंत मोजणारा तापमापक घ्यावा; तो हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. खोक्यावर १२:१ असे गुणोत्तर पाहावे. याचा अर्थ असा की बारा इंचांवरून तो एक इंच व्यासाच्या वर्तुळाचे सरासरी तापमान दाखवतो; लाल ठिपका केवळ रोख कळण्यापुरता असतो. छाप लहान असेल तर तापमापक जवळ न्यावा, नाहीतर भोवतीचे कापडही मोजले जाते.

हीट प्रेसच्या, म्हणजे कापड तापवून दाबणाऱ्या यंत्राच्या, चकचकीत धातूवर मात्र तो विश्वासाचा नाही, कारण असा पृष्ठभाग उष्णता कमी उत्सर्जित करतो आणि आकडा खूपच कमी दिसतो. शिवाय तापमापकाला फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो. जाड थराचा तळ त्या वेळी कच्चाच असू शकतो आणि आपली छाप बहुधा त्यामुळेच तडकत असावी. म्हणून शाईच्या डब्यावरचे तापमान आणि वेळ दोन्ही पाळावे, आणि थंड झालेली छाप दोन्ही हातांनी ताणून पाहावी; तडकली तर ती अजून कच्ची आहे.