हान्यात पहिल्यांदा राहताय? एवढं सांभाळा

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हान्या शहरात चार रात्री राहायचा तुमचा बेत छान आहे. तिथल्या जुन्या गावात खोली अगदी बंदराच्या काठावर मात्र घेऊ नका. नजारा सुरेख असतो, पण उन्हाळ्यात खालच्या हॉटेलांची गजबज रात्री उशिरापर्यंत चालते. जुन्या गावातल्याच तोपानास किंवा स्प्लांझिया या वस्त्यांतली एखादी गल्ली बघा, तिथून बंदर चालत काही मिनिटांवर आहे.

बुकिंगआधी दोन गोष्टी विचारा:
- जिने किती? व्हेनिसच्या राजवटीतल्या जुन्या (व्हेनेशियन) घरांत लिफ्ट बहुधा नसतेच.
- टॅक्सी कुठवर येते? पुढे दगडी फरसबंदीवरून बॅग स्वतःच ओढायची, म्हणून सामान कमी.

नवखे लोक सगळा वेळ बंदरातल्या दीपगृहाच्या फोटोंत घालवतात. तुम्ही सकाळी लवकर स्प्लांझियाच्या चौकात जा. तिथल्या सेंट निकोलस चर्चला एका बाजूला घंटाघर आहे आणि दुसऱ्या बाजूला मिनार. आधी व्हेनेशियन काळातला मठ, 1645 मध्ये उस्मानी (ऑटोमन तुर्की) सैन्याने शहर घेतल्यावर मशीद, आणि पुढे पुन्हा चर्च. गावात मला हीच जागा सर्वांत प्रिय. समोर झाडाखाली कॉफी घेऊन निवांत बसा.

शाकाहारी असाल तर बटाटा, झुकिनी आणि मिझिथ्रा चीजची 'बुरेकी' मागा. ती इथलीच खासियत आहे. पोहायला नेआ होराचा किनारा चालत गाठता येतो.

सामारिया दरीची पायपीट जवळजवळ 16 किलोमीटरची, पूर्ण दिवस जातो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नको. बाकीचं तिकडे पोचलात की विचारा, सांगतो.