डेस्मंड टूटू यांची धर्मगुरू म्हणून कारकीर्द कशी होती?

टूटू आधी शाळेत शिक्षक होते. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मुद्दाम निकृष्ट शिक्षण द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि अँग्लिकन चर्चची वाट धरली. १९६१ मध्ये ते धर्मगुरू झाले, पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात धर्मशास्त्र शिकले. १९७५ मध्ये जोहान्सबर्गचे डीन (तिथल्या मुख्य चर्चचे प्रमुख), मग लेसोथोचे बिशप, १९७८ पासून दक्षिण आफ्रिकी चर्च परिषदेचे सरचिटणीस. १९८४ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि १९८६ मध्ये ते केप टाउनचे पहिले कृष्णवर्णीय आर्चबिशप झाले.

पण या सगळ्या पदांपेक्षा मला १९८५ मधली जोहान्सबर्गजवळच्या डुडुझा या कृष्णवर्णीय वस्तीतली घटना मोठी वाटते. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या संशयावरून जमाव एका माणसाला जिवंत जाळायला निघाला होता. टूटू गर्दीत घुसले आणि त्याला वाचवलं. आपल्याच लोकांच्या रागासमोर असं उभं राहणं वर्णभेदी सरकारशी लढण्याहून अवघड असतं. १९९६ मध्ये, वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचे अध्यक्ष म्हणून छळाची साक्ष ऐकताना हेच टूटू टेबलावर डोकं टेकवून रडले होते.