सूज, शोथ, दाह: ‘सुजेची गोळी’ नेमकी कुठल्या सुजेवर?

‘सूज’, ‘शोथ’ आणि ‘दाह’ हे एकमेकांच्या जागी चालतात का, इन्फ्लमेशनला यांतला कुठला शब्द घ्यावा, आणि डॉक्टर ‘लिव्हरला सूज आहे’ म्हणतात ती पायाला येते तसलीच असते का, असा प्रश्न आहे. शेवटी ‘सूजेवर’ की ‘सुजेवर’ हेही विचारलं आहे.

थोडक्यात उत्तर द्यायचं तर ‘सूज’ या एका शब्दावर मराठीने दोन कामं टाकली आहेत. एक म्हणजे भाग फुगणं, तिथे पाणी साचणं. दुसरं म्हणजे इजा किंवा जंतुसंसर्ग झाल्यावर शरीर जी चकमक सुरू करतं ती प्रक्रिया, म्हणजेच इन्फ्लमेशन. पहिली गोष्ट दुसरीशिवाय होऊ शकते आणि दुसरी पहिलीशिवायही. ‘दाह’ फक्त दुसरीसाठी वापरतात. ‘शोथ’ दोन्हीकडे पाय ठेवून आहे आणि गोंधळ बराचसा तिथूनच येतो.

‘शोथ’, ‘शोफ’ आणि ‘श्वयथु’ हे तिन्ही संस्कृत शब्द ‘श्वि’ म्हणजे फुगणे, वाढणे या धातूचे आहेत. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ते बहुतेक ठिकाणी समानार्थी येतात. आपलं ‘सुजणे’ही प्राकृतमार्गे त्याच कुळातलं मानतात. म्हणजे व्युत्पत्ती पाहिली तर ‘शोथ’ म्हणजे सूजच. ‘दाह’ मात्र ‘दह्’ म्हणजे जळणे यावरून आला आहे. सुश्रुतसंहितेत ‘व्रणशोथ’ असा वेगळा शब्द आहे आणि त्याच्या आम, पच्यमान, पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. गळू आधी कडक असतं, मग ठणकतं, मग ‘पिकतं’, हे आपण आजही त्याच क्रमाने आणि त्याच क्रियापदाने बोलतो. ‘शोथ’ हा इन्फ्लमेशनचा पारिभाषिक शब्द म्हणून रुजला त्यामागे हा ‘व्रणशोथ’ असावा, असं मला वाटतं. पुढे ‘व्रण’ गळला आणि ‘शोथ’ उरला.

प्रक्रिया काय असते ते पाहिलं की शब्दांची वाटणी सोपी होते. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक सेल्सस याने चार खुणा नोंदल्या: लाली, सूज, ऊब आणि वेदना. इजा झालेल्या जागी हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन अशी रसायनं सुटतात आणि बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्त जास्त येतं म्हणून लाली आणि ऊब. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन प्रथिनयुक्त द्रव बाहेर झिरपतो, ती सूज. प्रोस्टाग्लँडिन आणि ब्रॅडिकायनिनमुळे वेदनेचे मज्जातंतू हळवे होतात, तो ठणका. काही तासांत पांढऱ्या पेशींची पहिली फळी येते आणि एक-दोन दिवसांत मोठ्या भक्षकपेशी येऊन मोडतोड उचलायला लागतात. म्हणजे या यादीत सूज ही चारांतली एक खूण आहे. पूर्ण घटनेला तिचंच नाव दिलं की घोळ सुरू होतो.

पाचवी खूण म्हणजे कार्य बिघडणं. ती बहुतेक वेळा १९व्या शतकातले जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ विर्खो यांच्या नावावर सांगतात. माझ्या मते पाचांत हीच सर्वांत महत्त्वाची. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ हे उदाहरण घ्या. सांध्यात २०-३० मिलिलिटर द्रव जास्तीचा साचला, म्हणजे चार-सहा चमचे, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आतला भाग काम कमी करतो. दुखत नसलं तरी करतो, कारण ताणलेल्या सांध्याकडून मज्जारज्जूला जाणारे संदेशच त्या स्नायूला आवरतात. त्यामुळे गुडघा ‘दगा देतो’, जिना उतरताना पाय लटपटतो, आणि चार-सहा आठवड्यांत मांडी बारीक दिसायला लागते. रुग्ण गुडघा साधारण ३० अंशांत वाकवून ठेवतो, कारण त्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत सर्वांत जास्त जागा असते. असल्या गुडघ्याला नुसते व्यायाम देऊन भागत नाही, आधी पाणी कमी व्हावं लागतं. आणखी एक: पडल्यावर दोन तासांच्या आत गुडघा टम्म फुगला तर आत बहुधा रक्त असतं आणि अस्थिबंध (लिगामेंट) तुटल्याची शंका घेतात. दुसऱ्या दिवशी हळूहळू फुगला तर बहुधा सांध्याचाच द्रव वाढलेला असतो. बोलण्यात दोन्हीला ‘सूज’च, म्हणून डॉक्टरांना ‘किती वेळाने आली’ हे आधी सांगावं.

आता दाहाशिवायची, म्हणजे नुसत्या पाण्याची सूज. इथे चकमक नसते, हिशेब चुकलेला असतो. केशवाहिन्यांतून द्रव बाहेर पडतो, त्यातला बराचसा परत ओढला जातो आणि उरलेला लसवाहिन्या (लिम्फच्या नळ्या) नेतात. हृदय कमजोर झालं की शिरांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर ढकललं जातं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळाली किंवा यकृताने ती बनवली नाहीत की रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं आणि पाणी परत ओढणारी ताकद कमी पडते. लसवाहिन्या तुंबल्या, उदाहरणार्थ हत्तीरोगात किंवा स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या लसगाठी काढल्यावर, तर निचराच थांबतो.

ओळखायची रीत सोपी आहे. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठ्याने पाचेक सेकंद दाबून धरायचं. खड्डा राहिला तर पाण्याची सूज. जुन्या हत्तीपायात मात्र कातडी घट्ट झालेली असल्याने खड्डा पडत नाही. वेळही पाहावी. हृदयाची सूज संध्याकाळी पायांवर जास्त असते. मूत्रपिंडाची बहुधा सकाळी पापण्यांवर आणि चेहऱ्यावर दिसते, त्याला ‘सुजट चेहरा’ म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची माकडहाडाशी दाबून पाहावी लागते, पाय कोरडे असले तरी. सूज नजरेला दिसण्याआधी वजन काही किलोंनी वाढलेलं असतं, म्हणून हृदयरुग्णांना रोज सकाळी वजन करायला सांगतात. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती या हिशेबात बसत नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळायची नाही, तेल लावूनही नाही, त्याच दिवशी तपासून घ्यायची.

शब्दाचा घोळ खरा महागात पडतो तो औषधाच्या दुकानात. ‘सुजेची गोळी द्या’ म्हटलं की बहुधा डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मिळतं. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, म्हणजे ती दाहावरची आहेत. मुरगळलेल्या घोट्यावर ठीक. पण हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या सुजेवर ती उलटी पडतात. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं, ते थांबलं की मीठ आणि पाणी शरीरात अडकतं आणि पाय आणखी सुजतात. या सुजेची गोळी म्हणजे लोकांच्या तोंडची ‘लघवीची गोळी’, फ्युरोसेमाइडसारखी, आणि ती मुरगळलेल्या घोट्यावर काहीच करत नाही. तिसरा प्रकार रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने येणाऱ्या घोट्याच्या सुजेचा. तिच्यावर या दोन्ही गोळ्या फारशा चालत नाहीत, डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. म्हणून दुकानात नुसतं ‘सूज’ म्हणू नये. ‘मुरगळलंय’ किंवा ‘दोन्ही पायांवर पाणी उतरलंय’ असं म्हणावं. मराठीत ही सोय आधीपासून आहे.

‘लिव्हरला सूज’कडे येऊ. या दोन शब्दांत निदान तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, यकृतदाह, म्हणजे हिपॅटायटिस: पेशी मरतात, रक्ततपासणीत एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलेलं दिसतं, कधी कावीळ दिसते. दोन, यकृत नुसतं आकाराने मोठं असणं. तीन, सोनोग्राफीतलं ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे चरबी, जिच्यात दाह असेलही किंवा नसेलही. तिन्हींचा मार्ग वेगळा, तेव्हा यांतलं कुठलं ते विचारून घ्यावं. ‘अपेंडिक्सला सूज’ त्या मानाने प्रामाणिक आहे, तिथे खरोखर दाह असतो. ‘मेंदूला सूज’ पुन्हा दुहेरी. विषाणूमुळे झालेला मेंदूदाह एक, आणि मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर साचणारं पाणी दुसरं. मोठ्या पक्षाघातानंतर ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतं आणि कवटी पसरत नसल्याने मेंदूच दाबला जातो. डेक्सामेथासोन मेंदूतल्या गाठीभोवतीच्या पाण्यावर चालतं, पक्षाघातातल्या सुजेवर नाही. एकाच नावाखाली इतका फरक.

सर्वांत जास्त चीड येते ती ‘पिशवीला सूज’ या प्रयोगाची. गर्भाशय थोडं मोठं दिसलं तरी हेच शब्द, आणि जंतुसंसर्ग झाला तरी हेच. दोन-तीन बाळंतपणांनंतर गर्भाशय थोडं मोठं असणं हा आजार नाही. संसर्ग हा आजार आहे, पण त्यावर साधारण १४ दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स असतो आणि जोडीदारालाही उपचार लागतो. ऐकणाऱ्या बाईला मात्र ‘सूज आहे, काढून टाकू’ एवढंच ऐकू येतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची कारणं अनेक आहेत, त्यांचं खापर एका शब्दावर फोडत नाही. पण असा मोघम शब्द घाबरवायला सोपा जातो.

गंमत म्हणजे कातडीवर जे दिसतं त्यासाठी मराठी अजिबात मोघम नाही. डोक्यावर आपटून आलं ते टेंगूळ. कातडी न फाटता आत लागलं तो मुका मार. पू धरला ते गळू, केसाच्या मुळाशी लहानसं आलं ते करट. अंगावर खाज येऊन उठतात त्या गांधी. त्यांच्यासोबत ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नये, थेट दवाखाना गाठावा. आणि ‘अवधाण’ हा तर हरवत चाललेला सुरेख शब्द आहे. पायाला जखम चिघळली की जांघेत, हाताला चिघळली की काखेत जी दुखरी गाठ येते ती. जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे हा संबंध शब्दातच धरला आहे. लसगाठ जंतूंना अडवताना फुगते हे कारण कळण्याच्या कितीतरी आधी.

मग लिहिताना काय वापरावं? इन्फ्लमेशनला मी ‘दाह’ घेईन. ‘दाहक’, ‘दाहशामक’, ‘यकृतदाह’ अशी शब्दांची रांग सहज लागते. आक्षेप असा की वाचक ‘दाह’ म्हणजे जळजळ समजतो. आक्षेप खरा आहे, पण एका वाक्यात निस्तरतो. ‘शोथ’ ‘संधिशोथ’सारख्या रुळलेल्या समासांत राहू द्यावा, सुटा वापरू नये. ‘दाहयुक्त सूज’ हा मधला मार्ग अनेकदा दिसतो, तो गळवाला चालेल. पण रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं मंद दाह चालतो तेव्हा सूज कुठेच दिसत नाही. सीआरपी या रक्तातल्या प्रथिनाच्या रिपोर्टवर ‘शरीरातील सुजेचे प्रमाण’ असं लिहिणंही त्याच कारणाने चूक. सीआरपी यकृतात बनतं, दाह सुरू झाल्यावर सहाएक तासांत चढायला लागतं आणि साधारण ४८ तासांनी शिगेला पोचतं. दिवसभर उभं राहून पाय सुजले म्हणून ते चढत नाही.

राहिलं सामान्यरूप. ‘सूज’ स्त्रीलिंगी, उपान्त्य अक्षर दीर्घ, म्हणून प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होतं: सुजेवर, सुजेचा, सुजेमुळे. ‘धूळ’चं ‘धुळीने’ होतं तसंच. ‘शोथ’ आणि ‘दाह’ दोन्ही पुल्लिंगी, त्यामुळे ‘यकृतदाह झाला’, पण ‘यकृताला सूज आली’.