उपाशीपोटीची साखर ठीक, मग मी निर्धास्त?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही ४९ वर्षांचे, वजनही सारखंच. त्यांची उपाशीपोटी साखर १०८, माझी ९२. मला इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीरानं इन्सुलिनला नीट दाद न देणं) नाही ना?

उत्तर : एवढ्यावरून असं मानू नका. पुरुषांत चरबी पोटात आणि यकृतात लवकर साठते. मग यकृत इन्सुलिनला जुमानत नाही, रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून उपाशीपोटीचा आकडा वाढतो. स्त्रियांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक चरबी मांड्या-नितंबांकडे वळवतं. पाळी थांबली की हे संरक्षण ओसरतं. पीसीओएस (अंडाशय व संप्रेरकांचा विकार) असेल तर आधीच अपुरं पडतं. शिवाय स्त्रियांत बरेचदा ग्लुकोज घेतल्यानंतरचाच आकडा बिघडलेला असतो. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन दोन तासांनी रक्त तपासा; १४० किंवा जास्त आल्यास डॉक्टरांना भेटा. आधीचे तीन दिवस पिष्टमय पदार्थ कमी करू नका, नाहीतर आकडा उगाच वाढलेला दिसतो.