सहकारासारखी नैतिक अर्थव्यवस्था आणली तर सरकारी भ्रष्टाचार संपेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की, भ्रष्टाचार इतका मुरलेला असताना सहकार किंवा गांधीजींची विश्वस्त कल्पना (मालकाने संपत्ती समाजाची ठेव म्हणून सांभाळावी) अशा नैतिक पायावरची अर्थव्यवस्था आणली, तर तो आपोआप संपेल का. आपोआप संपणार नाही. पण अशा व्यवस्थेत तो कुठे कमी होतो आणि कुठे उलट वाढतो, याची उदाहरणं आपल्या पुण्यातच आहेत. मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करतो, मुख्यतः गृहनिर्माण संस्था आणि पतसंस्थांचं, त्यामुळे त्या बाजूने सांगतो.

सहकाराचा प्रयोग महाराष्ट्राने मनापासून केला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने नगर जिल्ह्यातल्या लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. 1950-51 च्या हंगामात तिथे पहिलं गाळप झालं. ऊस पिकवणारा शेतकरीच मालक आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत, यापेक्षा नैतिक रचना कागदावर तरी मला सुचत नाही. पुढे याच रचनेवर उभे राहिलेले कितीतरी कारखाने आणि बँका डबघाईला का आल्या? माणसं बिघडली, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. हिशेब सभासदापासून लांब गेला, हे खरं कारण आहे. सरकारी भागभांडवल आलं, सरकारची हमी आली, अध्यक्षपद ही आमदारकीची पायरी झाली. तोडणी-वाहतुकीवर किती खर्च झाला, साखर कुणाला कोणत्या भावाने गेली, हे मालकाला वर्षातून एकदा अहवालात दिसणार, आणि तो अहवाल सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात पाच मिनिटांत संपणार.

बँकांचं दुखणं त्याहून वाईट, कारण तिथे ठेवीदार भरडला जातो. पुण्यातली रुपी बँक 1912 सालची. 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, 2022 मध्ये परवाना रद्द झाला. मधली वर्षं लोक स्वतःच्याच पैशांसाठी ताटकळले. एरवीही एखादी पतसंस्था कशी पोखरली जाते ते सांगतो. संचालकांच्या गोतावळ्याला कर्ज दिलं जातं, तारणाचं मूल्यांकन फुगवलेलं असतं आणि हप्ते थकले की मार्चअखेर नवं कर्ज देऊन जुनं फेडून घेतात. याला ‘नवं-जुनं’ करणं म्हणतात. ताळेबंदात सगळं निरोगी दिसतं. संस्थेच्या नावात ‘सहकारी’ असल्याने यातलं काहीही थांबत नाही.

आता दुसरी बाजू. ‘स्वच्छ’ ही पुण्यातल्या कचरावेचकांची सहकारी संस्था. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती आली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या बाईला तिचे महिन्याचे पैसे ते घरच देतं. ही एवढीशी गोष्ट फार मोलाची आहे. कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळत असतील तर वजन फुगवण्यात त्याचा फायदा असतो, आणि त्याचं बिल पास होताना टक्केवारी मागणाऱ्याचाही. इथे पैसे देणारा दारात उभा आहे आणि काम झालं की नाही हे त्याला रोज सकाळी दिसतं. मधल्या माणसाला खायला जागाच उरत नाही. कचरावेचक बायका इतर कुणापेक्षा जास्त सज्जन असतात म्हणून ही व्यवस्था टिकलेली नाही. ती टिकली आहे ती या रचनेमुळे, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे.

विश्वस्त कल्पनेबद्दल थोडक्यात: ती मालकाच्या सद्सद्विवेकावर उभी आहे. आपल्या कायद्याने मात्र सार्वजनिक ट्रस्टच्या विश्वस्तालाही दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यायला लावलं, आणि ते योग्यच केलं.

सरकारी कचेरीचंही तसंच आहे. दाखला किती दिवसांत मिळणार याची मुदतच नसेल, तर फाइलवर वजन ठेवावं लागतं. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत दिली आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड ठेवला. दंड किरकोळ वाटेल, पण अर्जाची तारखेसह पोच हातात असली की समोरच्याचं बोलणं बदलतं, हे मी पाहिलं आहे. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाइली पाहता येत असत. महेश झगडे आयुक्त असताना ही सोय सुरू झाली, आणि 2018 मध्ये राज्य सरकारनेही अशा पाहणीचे आदेश काढले. गर्दी मात्र कधीच दिसली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लोक का जात नसत, यामागे आळसाइतकीच भीतीही आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. एकट्याने हिशेब मागणं इतकं महाग पडू शकतं. सहकाराची खरी गरज मला इथे वाटते. एकाचा अर्ज बाजूला टाकता येतो, आणि त्या एकाला गाठताही येतं. तोच प्रश्न दोनशे सभासदांच्या सभेत ठराव म्हणून आला, तर कुणा एकाला लक्ष्य करणं अवघड होतं.

तुम्ही गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे लेखापरीक्षकाने दाखवलेल्या चुका कशा दुरुस्त केल्या त्याचा अहवाल, मागा. ही सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सहकार कायद्याखाली सभासदाला ठरावीक दप्तर पाहता येतं. रंगकामाची तीन दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात आहेत का, तेवढं आधी बघा. आणि जाताना शेजारच्या दोन-तीन घरांना बरोबर घ्या.