शाळा अठराला संपणार, मग पुढं काय?

प्रश्न : माझा मुलगा 16 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, सर्टिफिकेटवर 65 टक्के. स्पेशल शाळेत छान रमलाय पण मॅडम म्हणाल्या अठरानंतर ठेवता येणार नाही. मी नोकरी करते, तो दिवसभर घरी बसून काय करणार या विचारानं झोप लागत नाही. आत्तापासून काय करू? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, हे आत्ताच विचारलंत ते फार बरं झालं, कारण बरेच पालक येतात ते मुलगा वर्षभर टीव्हीपुढं बसून राहिल्यावर, आणि तोवर शाळेनं लावलेल्या सवयी पार मोडलेल्या असतात. आधी शाळेत जाऊन विचारा की रोज काय शिकवताय. अजून पाढे आणि एबीसीडीच चालू असेल तर सरळ सांगा, ते आता बास, पैसे, घड्याळ, एसटी आणि स्वतःचं स्वतः आवरणं शिकवा. बेरीज नाही आली तरी चालतं हो, पण पन्नासची नोट देऊन दूध आणायचं आणि सुटे परत घ्यायचे हे आलंच पाहिजे, सुरुवातीला तुम्ही बरोबर जा, मग दुकानाबाहेर थांबा, मग घरीच. दाढी करणं, कुकर लावणं पण असंच, एका वेळी एकच.

आणि घरात ज्यावर कुणीच बोलत नाही ते म्हणजे वयात येणं. शरीरात काय होतंय, कुठल्या गोष्टी दार लावून करायच्या, कुणी नको तिथं हात लावला तर ओरडायचं आणि घरी सांगायचं, हे साध्या शब्दांत परत परत सांगावंच लागतं. त्याला काय कळतंय म्हणून प्लीज गप्प बसू नका.

कामासाठी जवळपासच्या कार्यशाळा, म्हणजे अशा मोठ्या मुलांना काम शिकवून करून घेणाऱ्या जागा, आत्ताच बघून या, पुण्यात कामायनीसारख्या संस्थेत शाळेबरोबर मोठ्या मुलांची कार्यशाळाही आहे. तिथं पाकिटं, राख्या, पणत्या असं काम असतं, पण मुलाला नेऊन काही दिवस बसवून बघा, कुठल्या कामात त्याचा हात रमतो ते त्याचं त्यालाच ठरवू दे, आपण ठरवलेलं काम बरेचदा टिकत नाही.

कागदपत्रांचं मात्र टाळू नका. अठरा झाल्यावर तो कायद्यानं सज्ञान होतो आणि आई असूनही त्याच्या जागी सही करायचा अधिकार तुम्हाला आपोआप राहत नाही. बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठी सरकारचा राष्ट्रीय न्यास आहे, त्याच्या 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करा, ते पालकत्वाचं सर्टिफिकेट बँकेत लागतं. तुमच्यानंतर कोण हेही घरच्यांशी आत्ताच बोलून घ्या, आणि ते बोलताना त्याला शेजारी बसवा, आयुष्य त्याचं आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, नसेल तर लगेच काढा. राष्ट्रीय न्यासाचा निरामय हा आरोग्य विमा एक लाखापर्यंत उपचारांचा खर्च देतो, आधी मेडिकल तपासणीही लागत नाही, फक्त दरवर्षी रिन्यू करायचं लक्षात ठेवा.